दोन खांबांमधली जागा

माझी वहिनी मोठमोठी चित्रं कापायची आणि माझा दादा ती भिंतींवर जोडायचा. कुणी विचारलं, तुमचं दोघांचं काम काय, तर वहिनी म्हणायची, "मी तोडते, हे जोडतात. बाकीच्या घरांत म्हणे उलटं असतं." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा विनोद तिला शिळा वाटत नव्हता, आणि दादा दर वेळी हसायचा, म्हणजे त्यालाही वाटत नसावा. मी त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. पुढे जे झालं त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, काही दादाने सांगितलं आणि काही वहिनीने, तिला जमेल तसं.

आधी तिचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शहराच्या कडेला एक छापखाना आहे. तिथे अख्ख्या भिंतीएवढी चित्रं छापतात. दवाखान्याच्या भिंतीवर जंगल, हॉटेलच्या भिंतीवर समुद्र, बेकरीच्या भिंतीवर गव्हाचं शेत, असं. भिंत असते लांबच लांब आणि मशीनचा कागद जेमतेम दरवाजाएवढा रुंद. म्हणून चित्र कॉम्प्युटरवर उघडायचं, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे उभे पट्टे पाडायचे, एकेक पट्टा वेगळा छापायचा आणि मग दादासारख्या माणसाने शिडीवर चढून ते एकाशेजारी एक डकवायचे. एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर बोटभर चढली पाहिजे, म्हणजे मधून भिंत दिसत नाही.

सॉफ्टवेअर सारखे तुकडे आपोआपही पाडून देतं. बटण दाबलं की झालं. पण वहिनीला ते मान्य नव्हतं. "त्याला काय कळतंय रेघ कुठून गेली ते? ते बाळाच्या डोळ्यातूनसुद्धा कापेल," ती म्हणायची. ती स्वतः रेघा ओढायची. एक रेघ झाडाच्या बुंध्यावर, एक दाराच्या चौकटीवर, एक अंधाऱ्या कोपऱ्यात. सांधा लपला पाहिजे. चेहऱ्यातून रेघ जाऊ द्यायची नाही, हा तिचा नियम. कारण कागद आज ना उद्या वाळतो, सांधा कुठेतरी उघडतो. "झाडाचा उघडला तर झाडाला काही वाटत नाही. माणसाचा उघडला की तो माणूस रोज फाटका दिसतो." छापखान्याचे मालक तिला मानायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या बाई डोळ्यात तेल घालून काम करतात."

मग वहिनी धडकायला लागली.

आधी कपाटाच्या उघड्या दाराला. मग दाराच्या चौकटीला. मग जिन्याच्या कठड्याला, खुर्चीला, एकदा तर टॅक्सीच्या उघडलेल्या दाराला. कमरेवर, दंडावर सदा काळेनिळे डाग. दादा म्हणायचा, "अगं, घर तेच आहे. भिंती मी हलवल्या नाहीत, नुसत्या चिकटवतो." आम्ही सगळे हसायचो. माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. ती चिडायची, "आई, जरा बघून चाल ना!" वहिनी उलट आमच्यावरच ओरडायची. "तुम्हीच मांजरासारखे येता. एकदम बाजूला उगवता. माणसाने आधी आवाज तरी द्यावा." रस्त्यात सायकलवाला बाजूने आला की ती दचकून जागीच उभी राहायची आणि मग त्याच्या पाठीला शिव्या घालायची.

तिने स्वतःच निदानही करून टाकलं होतं. मोतीबिंदू. तिच्या आईलाही होता म्हणे. "पिकू दे, मग काढू," ती म्हणायची. आईचा पिकायच्या आधीच आई गेली. शेवटची कितीतरी वर्षं त्या आंधळ्याच होत्या आणि सगळे म्हणायचे, वय झालं. आम्हीही काही बोललो नाही. नीट वाचत होती, सुईत दोरा ओवत होती. मग डोळ्यांना काय झालंय?

कामात मात्र तिने एक बदल केला होता. पूर्वी ती अख्खं चित्र स्क्रीनवर लावायची, खुर्ची मागे सरकवायची आणि हनुवटीवर हात ठेवून बघत बसायची. आता तसं बघितलं की काहीतरी निसटतंय असं तिला वाटायचं. म्हणून ती मोठ्या चित्राचे आधी आपल्यापुरते छोटे तुकडे करून घ्यायची, प्रत्येकाची वेगळी फाइल करायची, आणि एकेक तुकडा उघडून त्यात रेघा ओढायची. तुकडा जेवढा लहान, तेवढा तो एका नजरेत मावायचा. काही महिन्यांनी ते तुकडेही मोठे वाटायला लागले, म्हणून तिने आणखी लहान केले. वेळ जास्त लागायचा. मालकांनी विचारलं तर म्हणायची, "नीट तपासून घेते." तिला खरंच तसं वाटत होतं. वय वाढलं, माणूस जपून काम करतो, त्यात काय?

त्याच सुमाराला साबणाच्या कारखान्याचं काम आलं.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली होती. सगळ्या कामगारांचा एक लांबलचक फोटो काढला होता. मागे कारखान्याचा व्हरांडा, त्याचे एकसारखे पांढरे खांब, आणि खांबांच्या मध्ये, कडेला माणसंच माणसं. कुणी बसलेलं, कुणी उभं. हा फोटो कँटीनच्या लांब भिंतीवर लावायचा होता. वहिनीला काम आवडलं. खांब म्हणजे रेघांना आयतीच जागा. प्रत्येक खांबावर सांधा लपवायचा, एकाही चेहऱ्याला धक्का नाही.

तिने नेहमीसारखे आपल्यापुरते तुकडे केले. खांब होते सगळे एका साच्यातले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. एक तुकडा एका खांबापाशी संपला. पुढचा तुकडा त्याच खांबापासून सुरू व्हायला हवा होता, तो सुरू झाला त्याच्या शेजारच्या खांबापासून. अख्खं चित्र डोळ्यांपुढे असतं तर तिने ओळखलं असतं. पण अख्खं चित्र तिच्या डोळ्यांपुढे बरेच दिवस नव्हतंच. खांबाला खांब मिळाला, सांधा चोख बसला, आणि दोन खांबांमधली जागा गळून गेली.

दादाने कँटीनमध्ये पट्टे लावायला घेतले. शेवटचा पट्टा लागला आणि कोपऱ्यापाशी दोन हात भिंत उरली. त्याने छापखान्यात फोन केला.

"अगं, भिंत उरली."

"कशी उरेल? माप तुम्हीच आणलंत."

"ते खरं. पण उरली."

"मग भिंतीचंच माप चुकलं असेल. मी प्रत्येक तुकडा दोनदा बघितलाय."

दादाने मान्य केलं. माप त्यानेच घेतलं होतं, टेप कुठेतरी सरकली असेल. छापखान्यातून भिंतीच्या रंगाचा एक साधा पट्टा मागवून त्याने तो कोपऱ्यात लावला आणि त्याच्यापुढे पिण्याच्या पाण्याची टाकी सरकवून ठेवायला सांगितली. कुणाला काही कळलं नाही. भिंत झकास दिसत होती.

चित्र उघडं करायच्या दिवशी दादा मुद्दाम गेला होता. असल्या दिवशी कुठेतरी एखादी कड उचलली जातेच, म्हणून खिशात गोंद आणि फडकं ठेवून तो भिंतीशी उभा होता. कामगारांना घरच्या माणसांना आणायची मुभा होती. एकच गडबड उडाली. जो तो स्वतःला शोधतोय, सापडल्यावर ओरडतोय, "हा मी! पोट बघ केवढं दिसतंय!" एक मुलगा बापाच्या चित्रातल्या चपलेला हात लावून बघत होता.

या गर्दीत गेटवरचे वॉचमन काका बायकोला घेऊन आले. त्याच महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. दादा त्यांना ओळखत होता. सामान आत घेताना रोज तेच गेट उघडायचे. उंच, वाळके, टोपी कायम सरळ. काकू कारखान्याच्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या. काका त्यांना घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग परत आले. मग जवळ जाऊन खांब मोजल्यासारखे करत पुन्हा गेले.

काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी गेटवरच राहिला होतात का?"

"नाही गं. मी होतो. मला थोडा उशीर झाला, सगळी जागा भरली होती. फोटोवाला म्हणाला, तुम्ही तिथे खांबांच्या मध्ये उभे राहा. मी राहिलो."

"मग काढला नसेल तुमचा."

"अगं, सगळ्यांचा एकच तर फोटो. माझा एकट्याचा कसा काढायचा राहील?"

 काकूंनी बाजूच्या लोकांकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. दादा सांगतो, त्या बाईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की नवरा खोटं बोलतोय असं तिला वाटतंय, आणि तिला त्याची कीव आली आहे. काकांनाही ते दिसलं.

दादाच्या डोक्यात तेव्हा ती उरलेली दोन हात भिंत आली.

तो तिथून तडक छापखान्यात गेला. वहिनी कामावर होती. म्हणाला, "कारखान्याचा मूळ फोटो उघड." तिने उघडला. "दोन खांबांच्या मध्ये वॉचमन काका आहेत का बघ."

वहिनी स्क्रीनकडे वाकली. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत राहिली, ओळीवर बोट ठेवून वाचायला शिकणारं मूल नेतं तशी. दादा तिच्या मागे उभा होता. त्याला काका पहिल्याच क्षणी दिसले होते. एका खांबाच्या आणि दुसऱ्या खांबाच्या मधोमध, एकटे, हात शिवणीला लावून उभे. आणि वहिनीचं डोकं त्यांच्यावरून पुढे निघून गेलं होतं.

"कुठे?" ती म्हणाली.

दादाने बोट ठेवलं. ती आधी बोटाकडे बघत राहिली, मग बोटाखालच्या माणसाकडे.

"अगंबाई," ती म्हणाली.

दादा तिच्या बाजूला सरकला. त्याने आपला हात तिच्या कानामागे धरला आणि हळूहळू पुढे आणायला लागला. "हात दिसला की सांग." हात कानाच्या पुढे आला, गालाच्या पुढे आला, डोळ्याच्या कडेशी आला. वहिनी समोर बघत शांत बसली होती. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती म्हणाली, "हां, आत्ता."

दादाने दुसऱ्या बाजूनेही करून पाहिलं. मग तो तिथल्याच कागदाच्या रोलवर बसला. इतके दिवस आपण कशाला हसत होतो ते त्याला त्या रोलवर बसल्यावर कळलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी बरोबर गेले होते. तिथे एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवतात. आत इथेतिथे बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. वहिनी बाहेर आली ती कुरकुरतच. "मशीन बिघडलंय त्यांचं. बराच वेळ दिवे लागलेच नाहीत. मी नुसती बसून होते." मी आत उभी होते. दिवे लागत होते. सारखे लागत होते.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी विचारलं, "इतके दिवस कशाची वाट बघत होतात?"

"मोतीबिंदू पिकायची," वहिनी म्हणाली.

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकत नाही, हा खातो. कडेकडेने खात येतो. मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

"मग ऑपरेशन करून टाका."

"करता येईल. पण जे गेलं ते परत यायचं नाही. राहिलंय ते टिकावं म्हणून थेंब घालायचे. टिकेलच असंही मी सांगत नाही, बरंच उशिरा आलात."

वहिनीने विचारलं, "किती राहिलंय?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कागद घेतला, त्याची बारीक नळी केली आणि माझ्या हातात दिली. मी ती डोळ्याला लावली. मला डॉक्टरीणबाईंचं नाक आणि एक डोळा दिसला. बस, एवढंच. मी नळी खाली ठेवली. वहिनीने विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "बरंच दिसतं गं." दुसरं काय सांगणार?

घरी आल्यावर दोघांचं एकच चाललं होतं, आधी काकांचं निस्तरू. स्वतःच्या डोळ्यांविषयी वहिनी बोलेना. जणू ते काम एकदा नीट झालं की बाकीचंही कुठेतरी जागेवर येईल. दादा कारखान्याच्या व्यवस्थापकांना भेटला. म्हणाला, त्या खांबापासून पुढचे सगळे पट्टे काढतो, नवीन लावतो, सगळी तोशीस आमची. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "कँटीन बंद ठेवता येणार नाही हो. आणि ते तर निवृत्त झाले आता. रोज बघणार कोण? छान दिसतंय, राहू द्या."

मग वहिनीने ठरवलं की काकांचा पट्टा वेगळा छापायचा आणि त्यांच्या घरी नेऊन द्यायचा. दादा तिच्याशेजारी बसला. तो स्क्रीनवर बोट ठेवून सांगायचा, इथे, जरा डावीकडे, बस, आणि ती रेघ ओढायची. दोन्ही बाजूंचे खांब पुरे घेतले, मध्ये काका, डोक्यावर व्हरांड्याचं छत. त्यानंतर वहिनीने एकही चित्र कापलं नाही.

आम्ही तिघं गेलो. दादाच्या खांद्यावर त्या पट्ट्याचा गुंडाळा, वहिनीचा दंड माझ्या हातात. बसच्या शेवटच्या थांब्यापासून बरंच चालायचं होतं. गल्ली अरुंद, दोन्हीकडे दारात ठेवलेल्या बादल्या, मोटारसायकली. वहिनी मधोमध, पाय चाचपत. एका ठिकाणी ती म्हणाली, "इथे कुणी आहे का बाजूला? उगाच माणसाला पाय लागायचा." बाजूला कुणी नव्हतं.

काकांची खोली एकच, ठेंगणी. काकूंनी चहा ठेवला. दादाने सगळं सांगितलं, चूक आमच्याकडून झाली, तुम्ही फोटोत होतात. काकूंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं, पण तो दादाच्या हातातल्या गुंडाळ्याकडे बघत होता. दादाने खुर्चीवर चढून पट्टा वरून सोडला. छत इतकं खाली की पट्टा पुरता उलगडेना. काका गुडघ्यांपर्यंत आले आणि खालचे पाय जमिनीवर गुंडाळलेलेच राहिले.

"अगंबाई, तुम्हीच की हो!" काकू म्हणाल्या. "टोपीसुद्धा सरळ आहे."

काकांनी पट्टा या खांबापासून त्या खांबापर्यंत पाहिला. मग म्हणाले, "छान आलाय. पण ह्यात मी एकटाच आहे."

"तुमचाच पट्टा आहे ना तो, काका," दादा म्हणाला.

"हो, ते कळलं. पण एकटा तर मी गेटवर असायचोच की. रोजच असायचो. त्या दिवशी म्हटलं, सगळे आहेत, आपणही जावं. म्हणून तर तिला दाखवायला नेलं." त्यांनी पट्ट्याकडे हात केला. "एकट्याचं हे घेऊन मी काय करू?"

वहिनी उठली. ज्या बाजूने आवाज येत होता तिकडे तोंड करून म्हणाली, "काका, चूक ह्यांची नाही, माझी आहे. मला तुम्ही दिसला नाहीत."

काकांना राग आला. पहिल्यांदाच. "असं कसं दिसलो नाही? एवढा उभाच्या उभा माणूस!"

मला वाटलं वहिनी आता सांगेल. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते, दिव्यांचं, हाताचं. ती मान खाली घालून उभी राहिली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने माझा हात दाबला. त्या घरात आपलं गाऱ्हाणं मांडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं असावं.

काकूंनीच गुंडाळा नीट बांधून परत दिला. "राग मानू नका. पण इथे ठेवायला जागा नाही हो. दारात उभा केला तर येता-जाता लागेल." चहा आम्ही घेतला. न घेता उठणं बरं दिसलं नसतं.

बसची वाट बघताना दादाने तो गुंडाळा थांब्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात उभा केला. डबा लहान, गुंडाळा वर डोकावत राहिला. वहिनीने विचारलं, "कुठे ठेवलात?" दादा म्हणाला, "आहे माझ्याजवळ." बस आली.

त्यानंतरचं सांगायला फारसं काही नाही. मालकांनी वहिनीला कामावरून काढलं नाही. छापून आलेले पट्टे मोजून बांधायचं काम दिलं. पण पट्ट्यांवर मागे बारीक आकडे असतात, ते शोधण्यात तिचा सगळा दिवस जायचा, आणि येणारे-जाणारे तिच्यावर आपटू नयेत म्हणून वळसा घालून जायचे. तिला ते ऐकू यायचं. एक दिवस ती स्वतःच डबा पिशवीत घालून घरी आली आणि पुन्हा गेली नाही. आता तिथे सॉफ्टवेअरच सारखे तुकडे पाडतं. दादा ते डकवतो. कधी नाकातून सांधा जातो, कधी ओठातून. तो फडक्याने दाबून दाबून ते नाक सरळ करतो आणि घरी येऊन काही सांगत नाही.

एकदा मात्र दोघांचं कडाक्याचं वाजलं. मला खालच्या मजल्यावर ऐकू आलं. काहीतरी फुटलं होतं, दादा ओरडला, "दोन हात भिंत उरली तेव्हाच मी तुला सांगितलं होतं!" आणि वहिनी त्याच्याहून वरच्या आवाजात म्हणाली, "आणि मी धडकत होते तेव्हा तुम्ही हसत होतात." मग शांतता. दोघांचंही खरं होतं. ती शांतता त्या घरातून अजून गेलेली नाही. आता कुणी विचारलं काम काय, तर दादा म्हणतो, "कागद चिकटवतो."

ऑपरेशन झालं. थेंब चालू आहेत. नळी आणखी बारीक झाली. जवळच्या माणसाचं तिला आता एका वेळी कपाळ दिसतं, नाहीतर हनुवटी. अख्खा माणूस बघायचा तर तो लांब असावा लागतो. म्हणून ती आलेल्या माणसाला म्हणते, "तिकडे खिडकीपाशी बस. जवळ नको. लांब बसलास की पुरा दिसतोस." नवीन माणसाला ते चमत्कारिक वाटतं. मी गेले की न सांगताच खिडकीपाशी बसते. मध्ये सगळी खोली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. हे आईकडून मुलीकडे येऊ शकतं. मुलीचे डोळे तपासून घ्या, आत्ताच, वेळेवर कळलं तर थांबवता येतं. वहिनीने भाचीला फोनवर सांगितलं. भाची तेव्हा नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली होती. ती हो हो म्हणाली आणि गेली नाही. मी सांगितलं, दादाने सांगितलं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण. सुट्टी नाही, काम आहे, पुढच्या महिन्यात बघू.

गेल्या महिन्यात ती दोन दिवस आली होती. निघायच्या सकाळी मी वर गेले तर ती बॅग घेऊन दारात उभी, आणि वहिनी आतल्या खोलीच्या टोकाला पलंगावर. वहिनी म्हणत होती, "तिथेच थांब जरा. हं. आता दिसतेस. केस कापलेस?"

"दोन दिवस झाले आई मला येऊन. आल्या आल्याच सांगितलं होतं."

"तपासायला कधी जातेस?"

भाचीने बॅग खाली ठेवली. मला वाटलं आता ती जवळ जाईल. ती गेली नाही. म्हणाली, "मला नाही जायचं. त्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं आणि दिवे लागतायत की नाही ह्याची वाट बघायची. मला नाही जमणार, आई. आजीला झालं, तुला झालं. मला कळून काय करायचंय?"

"वेळेवर कळलं तर थांबतं गं."

"आणि नाही थांबलं तर?"

 दादा सकाळीच कामावर गेला होता. भाचीने बॅग उचलली, मला म्हणाली, "आत्या, तिच्याकडे लक्ष ठेव," आणि जिना उतरायला लागली. वहिनी तशीच दाराकडे बघत बसली होती. डोकं थोडं डावीकडे नेलं, मग थोडं उजवीकडे.

"गेली का?" तिने विचारलं.

"गेली," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.